‘आजीनं कुठं तपासून घेतलं होतं?’ या मेसेजमधले दावे

मराठवाड्यातल्या गावागावांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा: गरोदरपण हा आजार नाही. आपल्या आज्या खुरपता खुरपता बाळंत झाल्या. लोहाच्या गोळ्यांनी लेकरू मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं. एक सोनोग्राफी नॉर्मल आली की पुन्हा पुन्हा दवाखान्याचे हेलपाटे कशाला?

गरोदरपण आजार नाही, हे खरंच. पण आजीचा दाखला देणारी नातवंडं ही वाचलेल्या आज्यांची आहेत. बाळंतपणात गेलेल्या बाईची गोष्ट सांगायला घरात सहसा कुणी उरत नाही. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 33. हा फरक एकट्या तपासणीमुळे पडलेला नाही, दवाखान्यातली बाळंतपणंही वाढली. पण कुठल्या बाईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे आधीच्या तपासणीतूनच कळतं.

गोळ्यांचा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो. बाळ प्रमाणाबाहेर वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे आईची न सापडलेली शुगर. लोहाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत होण्याचा धोका वाढतो. गोळीनं लेकरू काळं होतं हेही खोटं. काळी होते ती शौच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर रक्त कमी, 7 च्या खाली गेलं तर तीव्र. बाळंतपणात जेवढं रक्त गेलेलं धडधाकट बाई सोसते, तेवढंच 6 हिमोग्लोबिनवाल्या बाईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 गोळ्या, आणि बाळंतपणानंतर आणखी 180. हिमोग्लोबिन 7 ते 10.9 असेल तर रोज दोन, आणि महिन्यानं पुन्हा तपासणी.

बऱ्याच जणी मळमळतं म्हणून गोळ्या मध्येच सोडतात. त्यांनी रात्री जेवल्यावर, झोपताना घेऊन बघावी. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी किंवा पेरू चालतो. आणि सर्रास होणारी चूक म्हणजे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच तोंडात टाकणं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं.

सोनोग्राफीत बाळ दिसतं, वार कुठं आहे ते दिसतं. आईचं रक्त, बीपी, शुगर, लघवीतलं प्रोटीन त्यात दिसत नाही. शुगरसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा जास्त आलं तर पुढचे उपचार. त्यासाठी उपाशी यायची गरज नाही. पण गावाकडची गाडी चुकेल म्हणून बाई दोन तासांच्या आत निघाली, तर तपासणी वाया जाते. पहिल्या भेटीत शुगर नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची असते.

‘काही त्रास नाही, मग कशाला जायचं?’ बीपी वाढताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. 140/90 झालं तरी बाई घरची कामं करत असते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, छातीखाली पोटात दुखणं, तोंडाला सूज हे सुरू होईपर्यंत झटक्यांची वेळ जवळ आलेली असते. मोजतानाही बाईला पाच मिनिटं बसवावं; उन्हातून चालत आल्या आल्या पट्टा बांधला तर आकडा उगाच चढा येतो.

पहिलटकरणीला सातव्यात माहेरी नेऊन तिथंच पहिल्यांदा दाखवायचं, ही पद्धत त्यामुळंच घातक. पहिली तपासणी 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26, तिसरी 28 ते 34 आणि चौथी 36 नंतर. सुरुवातीचं बीपी आणि वजन लिहिलेलं नसेल तर पुढं किती वाढलं हे कशावरून ठरवायचं? चार या किमान आहेत; जोखमीच्या बाईला जास्त लागतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड, धाराशिव, जालन्याच्या बायांची अडचण मात्र खरी आहे, ती हेलपाट्यांची कुरकुर नव्हे. टोळी निघण्याआधी आशाताईकडून माता-बाल कार्ड भरून घ्यावं, हंगामाला पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर घ्याव्यात. कार्ड असेल तर फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात आधीचं सगळं कळतं, आणि ते नसेल तरी तपासणी नाकारता येत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत होते. मुकादमाला ही तारीख आधीच सांगून ठेवावी. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, झटके: यांत 9 तारखेची वाट बघायची नाही, लगेच 108 ला फोन करायचा.