‘ॲट वर्ल्ड्स एंड’ आणि आपले आंग्रे

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चे नंतर आणखी दोन भाग आले, पण माझ्या लेखी ती गोष्ट 2007 सालीच संपली. ‘ॲट वर्ल्ड्स एंड’ हा तिसरा भाग मला तिन्हींत सगळ्यात जास्त आवडतो. लांबलाय, मान्य. कोण कोणाला कधी दगा देतंय हेही मध्येच कळेनासं होतं.

पण सुरुवात बघा. कंपनी सरकारचा माणूस फर्मान वाचतोय: जमावाचा हक्क बंद, वकिलाचा हक्क बंद. रांगेने माणसं फासावर चढतायत. एका पोराची उंची दोरापर्यंत पुरत नाही, म्हणून त्याला पिंपावर उभं करतात. तो हातातलं नाणं चाचपत गाऊ लागतो आणि साखळदंडांतली अख्खी रांग त्याच्यामागे गाते. बच्चेकंपनीलाही खेचणाऱ्या सिनेमाची सुरुवात अशी करायला छाती लागते. आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तोफा धडाडत असताना कंपनीचा तो बडा साहेब बेकेट हुकूम द्यायचा विसरून जिना उतरत राहतो, भोवती जहाजाच्या चिंधड्या उडतायत... कंपनीचा असा शेवट पाहताना आजही अंगावर काटा येतो.

म्हणूनच एक गोष्ट फार सलते. चाच्यांच्या नऊ सरदारांत हिंदी महासागराचा ‘श्री सुंभाजी’ आहे. हे पात्र बेतलंय सरखेल संभाजी आंग्र्यांवर, कान्होजींच्या मुलावर! सिनेमात त्याच्या वतीने त्याचा माणूस बोलतो, आणि तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा बारीक चिरका आवाज. लोकांनी हसावं म्हणून.

कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. कोकण किनाऱ्यावर व्यापार करायचा तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. इंग्रजांनी ते मानलं नाही आणि आपल्या कागदांत आंग्र्यांना चाचे ठरवून टाकलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी तो पडला नाही. थोरले भाऊ सेखोजी 1733 मध्ये गेल्यावर संभाजींनी विजयदुर्गावरून कंपनीची जहाजं पकडणं चालूच ठेवलं. सिनेमाचा खलनायक हीच कंपनी, आणि आंग्र्यांकडे बघताना मात्र डोळे तिचेच! याचा मला राग येतो, कारण सिनेमा मनापासून आवडतो.

शेवटच्या त्या समुद्री भोवऱ्यातल्या लढाईत बाकीचा ताफा नुसता लांबून बघत उभा असतो. तिथे विजयदुर्गाची एखादी गुराब, आंग्र्यांची लढाऊ नौका, कंपनीच्या जहाजावर चालून जाताना मला बघायची होती.