वेदना खरी असते, तरीही संमोहनाने ती हलकी होते

कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईत धर्मशाळांत आणि नातलगांकडे उतरलेल्या कुटुंबांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून एक संदेश फिरतो आहे. संमोहन ही बुवाबाजी आहे, त्यात रुग्णाची शुद्ध हरपते आणि संमोहनाने कमी होणारी वेदना मुळात खरी नसतेच, असे त्याचे म्हणणे आहे.

यातले शेवटचे विधान मला सर्वांत क्रूर वाटते. मावशीच्या अस्थिमज्जेच्या तपासणीच्या वेळी मी तिच्या उशाशी उभी होते. भुलीच्या इंजेक्शनाने कातडी आणि हाडावरचे आवरण बधिर होते, पण सुईतून मज्जा ओढली जाते त्या क्षणाची कळ त्याने थांबत नाही. त्या वेळी तिने माझे मनगट इतके घट्ट आवळले की बांगडीचा वळ संध्याकाळपर्यंत दिसत होता. ती कळ खोटी नव्हती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांचे हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनातल्या सूचनांनी वेदनेचा त्रासदायकपणा कमी-जास्त केला, तेव्हा मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागाची हालचालही तशीच बदललेली दिसली.

शुद्ध हरपण्याची समजूत रंगमंचावरच्या प्रयोगांतून आलेली आहे. उपचारात रुग्ण जागा असतो, बोलतो, हवे तेव्हा डोळे उघडतो. फक्त त्याचे लक्ष सुईवरून काढून, समजा, दादरच्या चौपाटीवरच्या ओल्या वाळूत पाय रुतवून बसण्यात गुंतवलेले असते.

बुवाबाजीच्या आरोपाला आकडे उत्तर देतात. न्यूयॉर्कमधील २००७ च्या चाचणीत स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० स्त्रियांपैकी काहींना १५ मिनिटे संमोहन दिले, तर बाकीच्यांचे म्हणणे तेवढाच वेळ आपुलकीने ऐकून घेतले, म्हणजे फरक केवळ धीर देण्याचा नव्हता. संमोहन मिळालेल्यांना गुंगीचे औषध कमी लागले आणि वेदना, मळमळ व थकवाही कमी जाणवला. अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तपासण्या व उपचारांतील वेदनेसाठी संमोहनाचा पर्याय दिलेला आहे.

मात्र संमोहनाने गाठ विरघळते किंवा भूल आणि केमोथेरपी टाळता येते, असे सांगणारा खरोखरच भोंदू समजावा. गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी ते सरसकट योग्यही नसते.

आम्हाला हे आधी कोणी सांगितले नव्हते. पुढच्या तपासणीपूर्वी मावशीने स्वतःच डॉक्टरांना विचारून प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांची वेळ घेतली आहे.