सेकंड गेटवरचा सेकंद

भाचीच्या लग्नाचा मुहूर्त 12 वाजून 27 मिनिटांचा. फुलवाल्याकडून वधूवरांचे हार उचलून कार्यालयात पोचवायचे, मामा म्हणून माझ्याकडं एवढंच काम. 12 वाजून 5 मिनिटांनी मी टिळकवाडीच्या सेकंड गेटापाशी आलो आणि चाकापुढंच फाटक खाली आलं.

फोन वाजला. "कुठं पोचलासा?"

"सेकंडला आहे."

"बरं, मग या की!" म्हणून बायकोनं फोन ठेवला आणि मांडवात जाहीर करून टाकलं की हार सेकंदात येतायत.

बाहेरगावच्यांसाठी खुलासा. टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकांना आम्ही फर्स्ट, सेकंड, थर्ड गेट म्हणतो. "सेकंडला थांब" असं सांगितलं की बेळगावकर घड्याळ बघत नाही, रूळ बघतो. बायको मात्र माहेरची कोकणातली.

तशी मराठीनं खबरदारी घेतलेली आहे. इंग्रजांचा एकच शब्द आणून आपण त्याची रीतसर वाटणी केली: घड्याळातल्याला द, नंबरातल्याला ड. पण मागं मालगाडीचा भोंगा आणि पलीकडं सनई वाजत असताना फोनवर द कुठला नि ड कुठला, हे ऐकणार कोण?

मुळात दोघं एकच. तासाचे साठ तुकडे केले, त्यांना लॅटिनमध्ये 'पहिले बारीक भाग' म्हणत. त्यातल्या 'बारीक'चं मिनिट झालं. मिनिटाचे परत साठ केले, ते 'दुसरे बारीक भाग', आणि त्यातला 'दुसरा' म्हणजे सेकंद. थोडक्यात, घड्याळातला सेकंदसुद्धा आमच्या गेटासारखा निव्वळ नंबर दोन. माझ्या वाट्याला हा शब्द ड घेऊनच आला. बी.ए.ला सेकंड क्लास, बुडाखालची स्कूटर सेकंडहँड, सोसायटीच्या सभेत दुसऱ्यानं मांडलेल्या ठरावाला सेकंड करायला माझा हात वर. लग्नसुद्धा सेकंड सॅटरडेला! बँका बंद, त्यामुळं अख्खं बेळगाव रस्त्यावर.

मालगाडी गेली. मी डबे मोजले, बावन्न भरले. फाटक हललं नाही.

"अजून एक हाय," शेजारचा दूधवाला म्हणाला. सेकंड गेटावर सेकंड गाडी.

1967 साली शास्त्रज्ञांनी सेकंदाचं माप कायमचं ठरवून टाकलं: सिझियम-133 च्या अणूशी निगडित एका ठरावीक प्रारणाची 9,19,26,31,770 आवर्तनं. शेवटच्या सत्तरापर्यंत हिशेब चोख. आणि इथं एक रिक्षावाला कानडीत "ओंद सेकंड री", म्हणजे एकच सेकंद हो, म्हणत माझ्या आणि फाटकाच्या मधे पुढचं चाक घालतो, आणि त्या ओंद सेकंडात त्याच्यामागून सात दुचाक्या शिरतात. त्यापेक्षा भटजींचं माप बरं. साठ पळांची एक घटका, घटका म्हणजे 24 मिनिटं. फाटक बरोबर एक घटका बंद राहिलं.

उघडलं तेव्हा अलीकडचे सगळे रस्ताभर पसरलेले, पलीकडचेही रस्ताभर पसरलेले, दोन्ही बाजू कबड्डीच्या संघांसारख्या समोरासमोर. मी हार गळ्यात घातले, स्कूटर तिथंच एका पानपट्टीवाल्याच्या हवाली केली आणि रूळ ओलांडून पळत सुटलो. लोकांना वाटलं नवरदेव पळून चाललाय. माझं वय बघून एकदोघांनी वाटही दिली.

कार्यालयात अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. भटजींची मंगलाष्टकं कधीच संपली होती, नवऱ्याच्या आत्या स्वतः रचलेलं म्हणत होत्या आणि त्यांचं पाचवं कडवं चालू होतं. मी दिसल्याबरोबर भटजींनी त्यांना मधेच तोडून "सावधान!" केलं. आत्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

घाम पुसून पंगतीकडं गेलो. बायको वाटेतच उभी. "पहिली भरली. तुम्ही आता सेकंडला बसा."

ड की द, हे विचारायचा धीर झाला नाही. सेकंडला बसलो. पानात मीठ आलं, लिंबाची फोड आली, कोशिंबीर आली.

"गोडाला आपला बेळगावी कुंदा शिल्लक आहे की नाही?" मी वाढप्याला विचारलं.

"एक सेकंद हां मामा, बघून येतो," म्हणाला आणि गेला.