रानडुक्कर मारून रान राखता येते का?

"शिकारी हाच रानाचा खरा राखणदार," या एका मित्राच्या वाक्यावरून काल कट्ट्यावर वाद पेटला. शेती करणाऱ्या मित्राने त्याला लगेच दुजोरा दिला. कळप रात्री शिरला की खाल्ले जाते ते थोडे, पण तुडवले आणि नाकाडाने उकरले जाते ते फार, आणि सकाळी बांधावरून मुळे वर आलेली ओली ढेकळेच दिसतात, असे त्याचे म्हणणे. त्याचा संताप मला पूर्ण मान्य आहे. मात्र पीक वाचवणे आणि रान वाचवणे यांची गल्लत आम्ही तासभर करत राहिलो.

"प्राणी तिथला मूळचा की माणसाने आणून सोडलेला, हे आधी विचारा," असे सांगून आमच्यातल्या पशुवैद्य मैत्रिणीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांताक्रूझ बेटाचे उदाहरण दिले. तिथे मोकाट सुटलेल्या डुकरांच्या पिल्लांवर सोनेरी गरुडांचा जम बसला आणि मग ते बेटावरच्या चिमुकल्या कोल्ह्यांवर तुटून पडले. कोल्हे शंभराच्याही खाली आले. 2005 आणि 2006 मध्ये 5,000 हून अधिक डुकरे मारली, गरुड पकडून दुसरीकडे हलवले, कोल्ह्यांची पैदास केली, तेव्हा कुठे 2016 मध्ये हा कोल्हा संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

"म्हणजे माझेच खरे," पहिला म्हणाला. मला ते पटले नाही, कारण ते काम नेमलेल्या माणसांनी कुंपणे घालून, एकेक भाग साफ करत, शेवटचे डुक्कर संपेपर्यंत केले होते, तर हौशी शिकाऱ्याला पुढच्या वर्षीही डुक्कर हवेच असते. टेनेसी राज्यात 1999 मध्ये संख्या आटोक्यात यावी म्हणूनच सर्वत्र शिकार खुली केली, तर शिकारीच्या हौसेपायी लोकांनी डुकरे नव्या जागी नेऊन सोडली आणि 2011 मध्ये धोरण बदलावे लागले. शिवाय बंदूक वळते सुळ्यांच्या नराकडे आणि संख्या वाढते माद्यांमुळे. एका वेताला चार ते सहा पिल्ले सहज होतात. गोळी झाडली की उरलेला कळप पांगतो, म्हणून अख्खा कळप एकदम अडकवणारा मोठा पिंजराच अधिक उपयोगी पडतो.

जिथे रानडुक्कर मूळचे आहे, तिथे ते वाघ-लांडग्यांचे भक्ष्य आहे, ही गोष्ट तर आमच्या बोलण्यात फार उशिरा आली.

"मग मी काय करू?" शेतकरी मित्राने विचारले. मी म्हणालो, "पक्के कुंपण घाल, मारावेच लागले तर रीतसर परवानगी काढ, पण त्याला पिकाची राखण म्हण, रानाची म्हणू नकोस."

"नाव काहीही दे, कळप आज रात्री पुन्हा येणारच आहे," असे म्हणून तो राखणीला जाण्यासाठी उठला.