अठरा इंचांचं बेट

स्वयंपाकघराच्या मधोमध आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी सुटा ओटा, हवं, हे आमच्या घरात फक्त मला वाटलं. झारा कुठला नि उलथनं कुठलं हे अजून विचारून घेणाऱ्या माणसाने ओट्याची आखणी हाती घ्यावी, याचं नवलही फक्त बायकोलाच वाटलं. मी तोवर आलेखाचा कागद घेऊन बसलो होतो.

खोली १० बाय १२ फूट. रुंदीचे १२० इंच. भिंतीलगतचा ओटा २४ इंच खोल. ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये एकाने काम करायचं तर ४२ इंच मोकळे सोडावेत, दोघांनी करायचं तर ४८.

"एकच धरा," बायको कागदाकडे न बघताच म्हणाली.

मी मुकाट्याने ४२ लिहिले. पलीकडून ये-जा करायला ३६. बेरीज १०२, म्हणजे आयलंडच्या वाट्याला १८ इंच. लांबीत दोन्ही टोकांना छत्तीस-छत्तीस सोडून सहा फूट. सहा फूट लांब, दीड फूट रुंद! या मापाची दुसरी वस्तू मला आठवली ती स्ट्रेचर, पण ते मी बोललो नाही.

शिवाय मला तिथे उंच स्टुलांवर बसायचं होतं. माणशी २४ इंच, म्हणजे तिघं आरामात. फक्त ३६ इंच उंचीच्या ओट्याला गुडघे आत जायला वरचा दगड १५ इंच पुढे काढावा लागतो. अठरातून पंधरा गेले.

"अहो, तीन इंचांच्या कपाटात ठेवणार काय?"

"ताटं. उभी."

"आणि दगड कशावर उभा राहणार? ताटांवर?"

मग मी शास्त्राला हाक मारली. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा अभ्यास १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाला. तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांवर जाऊ नये, असं मानतात. बायकोने माझ्याच पेन्सिलीने तो त्रिकोण काढला. फ्रिजकडून निघालेल्या दोन्ही रेघा आयलंडच्या पोटातून आरपार गेल्या. "म्हणजे मी दर वेळी प्रदक्षिणा घालायची," ती म्हणाली. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं आणि त्यात सगळं बसवलं, हे मी नुकतंच वाचलं होतं. पण त्यांनी मधली जागा मोकळी सोडली होती, त्यामुळे तो दाखला मी गिळला.

मिस्त्री शहाणे निघाले. "आधी तेवढ्या मापाचे खोके रचा, आठ दिवस वावरा, मग मला बोलवा," म्हणाले.

खोके रचले. पहिल्याच संध्याकाळी माझा अंगठा ठेचला. ओट्याच्या तळाशी पाऊल आत जायला तीनेक इंचांची खाच असते, ती मला आजवर दिसलीच नव्हती. इतकी वर्षं तिथे उभं राहिलं कोण होतं म्हणा. खोक्यांना अर्थातच खाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडेना. समोरच्या भिंतीला २८ इंच खोलीचा फ्रिज उभा होता आणि तो मी हिशेबात धरलाच नव्हता. छत्तीसातून अठ्ठावीस गेले. उरलेल्या आठ इंचांत दार एवढंच किलकिलं होई की आतला दिवा लागे. हात कोपरापर्यंत जाई, पण भांडं घेऊन परत येत नसे.

बायको काही बोलली नाही. तिने मधला खोका पायाने ढकलला, भांडं काढलं, खोका परत पायाने जागेवर. तिसऱ्या दिवशी तो खोका सिंकपाशी होता, चिरायला. दुपारी शेगडीशेजारी, गरम पातेलं उतरवून ठेवायला. बाकीचे पाच गॅलरीत गेले. कधी गेले, कुणी नेले, मला कळलं नाही. मी माझ्या कागदावर फ्रिज उजवीकडे सरकवून पाहत होतो.

आठव्या दिवशी मिस्त्री टेप घेऊन आले. मी आलेख उलगडला. त्यांनी तो आदराने पाहिला आणि बायकोकडे वळले.

"चाकं लावता येतील ना? ब्रेकवाली?" तिने विचारलं.

"येतील की. पण ताई, आयलंड उभं कुठे करायचं?"

"जेव्हा फ्रिज उघडायचा नसेल तेव्हा फ्रिजपुढे."

मिस्त्रींनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.