मानेच्या ट्रीटमेंटबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की पहिल्या दिवशी अर्धा वेळ नुसते प्रश्न विचारण्यात गेला, एमआरआयची फाइल नेली होती ती वरवर चाळली, मान कडकन मोडून द्या म्हटलं तर दिली नाही, हाताने थोडा वेळ केलं आणि बाकी व्यायामच करून घेतला जो घरीही करता आला असता, वर दुसऱ्या दिवशी मान जास्तच दुखली. मान आखडलेली असली की रात्री कुशी बदलायचीही भीती वाटते, त्यात आराम पडायच्या आशेने आलात आणि दुखणं वाढलं, तर राग येणारच. तुमच्या तपासणीत काय निघालं ते मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, ते तुमचं खाजगी आहे. पण तुम्ही काढलेले मुद्दे खूप जणांच्या मनात असतात म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मान मोडण्याचं. तो कडकन आवाज येतो तो सांध्याच्या पाण्यात गॅसची पोकळी तयार होते त्याचा, सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नाही, आणि आवाज आला तरच फरक पडतो असंही नाहीये. आम्ही तो झटका काही पेशंटना देतो, पण सगळ्यांना नाही आणि मागितला म्हणून तर नाहीच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतूनच वर जातात, त्यांना इजा होणं फार दुर्मिळ आहे हे खरं, पण झाली तर स्ट्रोकपर्यंत जाऊ शकतं. म्हणून तर ते सगळे प्रश्न असतात. चक्कर येते का, डबल दिसतं का, बोलताना जीभ अडखळते का, शर्टाची बटणं लावताना हात नीट चालत नाही असं होतं का, चालताना तोल जातो का, ताप आहे का, पडलात किंवा अपघात झालाय का. यातल्या एखाद्याला हो आलं तर मानेला हात न लावता आधी डॉक्टरकडे पाठवायचं असतं, त्यामुळे हा वेळ आम्ही कमी करणार नाही. हळूहळू सांधा हलवण्यानेही बऱ्याच जणांची मान तितकीच सुटते, आणि पाठीचा वरचा भाग मोकळा केला तरी मान वळायला लागते, दुखतंय मान आणि दाबताय पाठ असं वाटतं पण ते मुद्दाम केलेलं असतं.

एमआरआयबद्दल थोडक्यात. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते, त्याचा रिपोर्ट २०१५ मध्ये आला, तर त्यातल्या ८७.६ टक्के लोकांना डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, निघाला, अगदी विशीतल्याही बहुतेकांना. फाइल आम्ही बघतोच, पण हातात ताकद किती, मुंग्या कुठपर्यंत येतात, मान कुठल्या बाजूला अडते यावरून ट्रीटमेंट ठरते. 'गादी सरकलीय' हे शब्द ऐकून लोक मान हलवायचीच बंद करतात, महिनोन्महिने पट्टा लावून बसतात आणि मान अजून आखडते, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता व्यायाम, कारण तुमची मुख्य तक्रार तीच आहे. हाताने केलं की मान लगेच हलकी वाटते, पण नुसतं तेवढंच करत राहिलं तर तो आराम फार टिकत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला मणक्यांना अगदी चिकटून खोल स्नायू असतात, मान दुखणाऱ्या लोकांमध्ये ते नीट काम करत नाहीत आणि वरचे मोठे स्नायू सगळा भार ओढतात. उताणं झोपून, डोकं न उचलता, हो म्हणतो तशी अगदी हलकी मान डोलवून दहा सेकंद धरायची, हा व्यायाम दिसायला काहीच नाही. पण एकट्याने करताना जवळपास प्रत्येक जण डोकं उचलतो, दात आवळतो, श्वास धरतो, म्हणजे पुन्हा तेच थकलेले स्नायू वापरतो. बोट लावून ते दाखवावं लागतं आणि तो वेळही ट्रीटमेंटच आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, २७२ जण, एका गटाला हाताने ट्रीटमेंट, एकाला औषधं, एकाला नीट शिकवून घरचे व्यायाम, आणि वर्षभर बघितलं तर दुखण्याच्या बाबतीत हाताची ट्रीटमेंट आणि घरचे व्यायाम यांत कुठल्याच टप्प्याला मोठा फरक नव्हता. त्यामुळे व्यायाम शिकवून घरी पाठवणं म्हणजे पेशंटला कटवणं नाही, त्याला रोज आमच्या दारात यायला लागू नये म्हणूनच ते असतं, आणि वर्षानुवर्षं फक्त शेकून दाबून घेणारे लोक मी बघितलेत म्हणून मला हे एवढं महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुखल्याचं म्हणाल तर न वापरलेले स्नायू वापरले की एक-दोन दिवस असं होऊ शकतं, मग ते ओसरतं. ओसरलं नसेल तर थेट फोन करा, व्यायाम कमी करता येतो, बदलता येतो. आणि दुखणं हातात उतरायला लागलं, बधीरपणा वाढला किंवा पकड ढिली वाटली तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी कळवा, वाट बघू नका. पुढच्या वेळी याल तेव्हा घरी व्यायाम करतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ घेऊन या, हनुवटी कुठे जातेय ते दोघं मिळून बघू.