"आधी काय, नंतर काय" म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी फोन बघितला तर आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा कथेचा खेळ) ग्रुपवर माझं बारसं झालेलं. "वकीलीणबाई." का, तर काल रात्री मी होल्ड पर्सन या थिजवणाऱ्या मंत्राच्या नियमावरून तोंड उघडलं.

प्रकार असा. आमच्या बार्डने (गाणारा मांत्रिक) डाकूंच्या सरदारावर होल्ड पर्सन टाकला. सरदाराचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्रातून वाचायची फाशाची फेक, फसला, गडी जागच्या जागी थिजला. या मंत्रातून सुटायची पुढची संधी मिळते ती त्याच्या पाळीच्या शेवटी. म्हणजे एक अख्खी पाळी त्याची बुडालीच. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पाळी सुरू होतानाच फासा फेकला, सरदार सुटला आणि त्याच पाळीत त्याने आमच्या क्लेरिकला (जखमा बऱ्या करणारा) आडवं केलं. बार्डच्या पाठोपाठ सरदाराचाच नंबर होता, त्यामुळे मधे कुणाला एक वारही करता आला नाही. स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची मोजकी संधी, गेला, पदरात शून्य. मी म्हटलं, अरे, शेवटी फेकायचा असतो तो. तर उत्तर काय? "एकच तर फेक आहे, आधी काय नंतर काय."

अरे, तो सगळा मंत्रच त्या "नंतर"मध्ये आहे!

मला राग एका होल्ड पर्सनचा नाही. मागे एकदा, हेच टेबल, हाच डीएम, आणि तेव्हा आमच्यात नुकतीच आलेली एक मुलगी. तिसऱ्या लेव्हलची ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र टाकणारी. गुहेच्या तोंडाशी ओगर नावाचा राक्षस उभा होता आणि तिने त्याच्यावर मूनबीम, म्हणजे भाजणाऱ्या चांदण्याचा झोत, टाकला. दोन्ही दहापैलू फासे मुठीत खुळखुळवत होती बिचारी. डीएम म्हणाला, "थांब, आत्ता नाही. त्याच्या पाळीला." बरोबरच होतं ते. २०१४ च्या नियमांत मूनबीम पडल्या क्षणी काहीच करत नाही. त्या उजेडात कुणी शिरलं, किंवा कुणाची पाळी तिथे सुरू झाली, तरच भाजतं. तिने फासे खाली ठेवले. ओगरच्या आधी एका गॉब्लिनची पाळी आली, त्याचा बाण तिला लागला, मंत्र टिकवायच्या, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनच्या, फेकीत १० हवे होते ते आले नाहीत, आणि उजेड गेला. त्या लेव्हलला मूनबीमला लागणारे दुसऱ्या पातळीचे स्लॉट असतात दोनच. त्यातला एक असा गेला, आणि दहापैलू फासे फेकायची वेळच आली नाही.

वाईट वाटलं, पण तक्रार नव्हती. नियम म्हणजे नियम.

पुढच्याच राउंडला शत्रूच्या मांत्रिकाने आमच्या फायटरवर क्लाउड ऑफ डॅगर्स, म्हणजे सुऱ्यांचा ढग, टाकला. त्या मंत्राची अट मूनबीमसारखीच, शिरलात तर किंवा पाळी तिथे सुरू झाली तर. आणि डीएमने चार चौपैलू फासे तिथल्या तिथे फेकले! फायटरकडे जेमतेम ७ हिट पॉइंट (जिवाचे गुण) उरले होते, तो कोसळला. त्याच्या पाळीआधी क्लेरिकची पाळी होती हो. त्याला बरं करता आलं असतं, ढकलून बाहेर काढता आलं असतं. तेवढ्यासाठीच तर मधली जागा असते! ती मुलगी तेव्हा काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. काय सांगणार होते मी तिला? तुझा मंत्र नियमाने चालतो आणि त्याचा मूडने?

ज्यांना हा कीस वाटतो त्यांच्यासाठी सांगते, हे काही आमच्या पिढीचं खूळ नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी या खेळाचं जुनं रूप, ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स, आलं तेव्हा राउंड एका मिनिटाचा होता आणि त्याचे दहा सेगमेंट. फायरबॉल मंत्राला तीन सेगमेंट लागायचे. तेवढ्यात मांत्रिकाला कुणी घाव घातला की मंत्र वाया. म्हणजे मंत्र कधी लागतो यावरच मांत्रिकाचं सगळं भवितव्य! आता राउंड सहा सेकंदांचा झाला, सेगमेंट गेले, पण मंत्र आणि परिणाम यांच्यातली फट राहिली. त्या फटीतच आपण खेळतो.

बरं, २०२४ च्या नव्या नियमांत मूनबीम पडल्या पडल्या भाजतो, आणि नंतर शिरल्यावर किंवा पाळी संपताना. नवख्यांसाठी हे सोपं आहे, मान्य. त्या मुलीचे फासे तरी हातात राहिले नसते. तरी मला जुनंच आवडतं. पाळी सुरू होतानाच भाजणार म्हटल्यावर पळायला वावच नाही. आणि जुन्या नियमातल्या "एका पाळीत पहिल्यांदा शिरल्यावर" यातली पाळी कुणाचीही चालते. फायटरने आपल्या पाळीत ओगरला उजेडात ढकललं की एकदा, ओगरची स्वतःची पाळी तिथेच सुरू झाली की पुन्हा. दोघांनी डोळ्यांनी खुणावून हे जमवलं की काय मजा येते! पण आजचा नियम उद्या बदलणार असेल तर कशाच्या भरवशावर खुणावायचं?

डीएमचे हाल मलाही कळतात. पाच राक्षसांचे हिट पॉइंट, कथा, आमची बडबड, सगळं एकट्याने सांभाळायचं. चूक होणारच, कुणी फासावर नाही देत. नियम बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा, आणि दोन्ही बाजूंना सारखाच लावा. इतकंच मागत होते काल. "कथा महत्त्वाची" म्हणे! अरे, सरदार थिजलेला असताना सगळ्यांनी श्वास रोखून धरलेला, ती कथा नव्हती का?

ती मुलगी आता येत नाही. कारण वेगळं असेलही.

आणि मला वकीलीणबाई म्हणणाऱ्या आमच्या विझार्डसाहेबांनो, तुमचं लाडकं, घाव अडवणारं शील्ड तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतं, आठवतंय ना? पुढच्या वेळी पहिला घाव अडवल्यावर डीएम म्हणू दे, "संपलं शील्ड, आधी काय नंतर काय." मग बघू पुस्तक कोण आधी उघडतंय ते.